वरचा थर

“चावून बघ,” मॉर्गनबाई म्हणाल्या.

भूशास्त्र शिकायला वेल्सला आलेल्या सानिकाला वाटलं, आपलंच इंग्रजी कच्चं. पण नदीकाठी सगळा वर्ग खरोखरच दरडीतली माती दाताखाली धरून बघत होता. कचकच लागली तर बारीक रेती, लोण्यासारखी लागली तर चिकणमाती!

सानिकाने तीन थर झटक्यात ओळखले. टाळ्या पडल्या. तिने नाचतच आईला व्हिडिओ कॉल लावला.

“आई, इथे माती खाल्ली की शाबासकी देतात!”

“आणि मी तुला लहानपणी त्यासाठी धपाटे घालायचे!” आईला हसू आवरेना.

चेकाळलेल्या सानिकाने सगळ्यात वरच्या करड्या थरात बोट खुपसलं. ते तोंडाशी नेणार, तोच मॉर्गनबाईंनी तिचं मनगट धरलं.

“हा नको! यात खाणीतलं शिसं आहे. खालचे थर नदीने रचले. हा आपण माणसांनी.”