वळणावरचा फूट

बस वळणावर अडकली होती. पोटाशी नानांच्या घराची भिंत, नाकाशी सलूनची भिंत. ड्रायव्हरनं तीनदा मागेपुढे करून पाहिलं. चौथ्यांदा त्यानं इंजिनच बंद केलं.

"नाही बसत," तो खिडकीतून म्हणाला.

रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं दाटली होती.

आठ वर्षांपूर्वी या उपनगरातली बस बंद झाली. मग दवाखाना हलला. मग बाजारातली शटरं एकेक करून खाली आली ती पुन्हा वर गेलीच नाहीत. तरणी पोरं शहरात राहायला गेली. यंदा महापालिकेनं योजना आणली : बस, दवाखाना, दिवे, बाजाराला नवा चौक. अट एकच. रस्ता रहिवाशांनी आपसात ठरवून रुंद करायचा. कुणाची जागा किती जाणार, ते नानांनी मोजून दिलं. नाना भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या नकाशावर त्रेचाळीस घरांनी डोळे झाकून सह्या केल्या. कुणी ओटा सोडला, कुणी कुंपण. टेलरबाईंनी तर अर्धं दुकान सोडलं. आज चाचणी होती. बस वळली तर योजना इथं, नाही वळली तर पलीकडच्या उपनगरात.

महापालिकेच्या इंजिनिअरबाईंनी टेप काढला आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणून धरला.

"नकाशात अठ्ठावीस फूट आहे. इथं साडेसत्तावीसच भरतंय." त्यांनी घड्याळ पाहिलं. "मला अकराला अहवाल पाठवायचाय. तासभर आहे तुमच्याकडे."

अर्धा फूट! कुणी खाल्ला?

सगळ्यांच्या नजरा सलूनवाल्याकडे वळल्या. सह्यांच्या वेळी तोच सर्वांत शेवटी आला होता, तोही तोंड पाडून. आता तो दारात उभा होता, खांद्यावर टॉवेल.

"मी माझं पुरेपूर दिलंय," तो म्हणाला.

"मग काय, नानांनी खोटं मोजलं?" टेलरबाई कडाडल्या. कुणीतरी कुत्सित हसलं. गर्दी पुढे सरकली. प्लंबर घण घेऊनच आला.

"सरक बाजूला."

सलूनवाल्यानं एकदा नानांकडे पाहिलं. मग तो सरकला.

नाना बसच्या मागच्या चाकापाशी उभे होते. त्यांच्या भिंतीला लागून आत एक लोखंडी जिना होता, वरच्या दोन खोल्यांत जाणारा. मुलगा फोनवर म्हणाला होता, "बस सुरू झाली की आम्ही वर राहायला येतो." भिंत मागे घेतली असती तर जिना गेला असता. वर जायला दुसरी वाट काढायची म्हणजे वर्ष गेलं असतं. नानांना बसही हवी होती आणि जिनाही. त्यांनी कागदावर भिंत मागे दाखवली आणि प्रत्यक्षात जागची हलवली नाही. फक्त नवा गिलावा करून रंग दिला. नानांची भिंत तपासायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

घणाचा पहिला घाव पडला. आतला आरसा खळ्ळकन फुटला. प्लंबरनं घण पुन्हा उचलला.

"थांब!"

आवाज इतका चिरका निघाला की तो नानांचा आहे हे आधी कुणाला कळलंच नाही.

"त्याची नको. माझी पाड. माझी भिंत दीड फूट मागे हवी होती. मी ती हलवलीच नाही. चोरी माझी आहे."

घण हवेतच राहिला.

"नाना," टेलरबाई सावकाश म्हणाल्या, "माझी दोन मशिनं अंगणात ताडपत्रीखाली पडलीत हो."

नाना घरात गेले आणि पाना घेऊन आले. जिन्याचा पहिला बोल्ट त्यांनी स्वतः सोडवला. पाना दोनदा सटकला. मग प्लंबर पुढे झाला. भिंतीवर घाव पडू लागले. विटा हातोहात रस्त्यापलीकडे जाऊ लागल्या. कुणी नानांशी बोलत नव्हतं, पण काम थांबत नव्हतं.

अकराला आठ मिनिटं असताना ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. बस पुढे सरकली, वळली आणि कुठंही न घासता पार निघून गेली. एकच ओरडा झाला. टेलरबाई तर डोळे पुसत होत्या.

इंजिनिअरबाईंनी अहवालासाठी पुन्हा टेप धरला. आकडा पाहून त्या थबकल्या.

"एकोणतीस? नकाशापेक्षा एक फूट जास्त भरतंय."

"शक्यच नाही," नाना म्हणाले. तीस वर्षं त्यांचं मोजमाप कधी चुकलं नव्हतं. त्यांनी नकाशा उलगडला, बोटानं रेषा धरली आणि बोट सलूनवर येऊन थांबलं. ते रस्ता ओलांडून दारात गेले. नकाशाप्रमाणे आत दोन खुर्च्या मावायला हव्या होत्या. आत एकच होती. सलूनवाला तिच्याखालच्या काचा गोळा करत होता.

"तू फूटभर जास्त तोडलंस?" नानांनी नकाशा खाली केला. "का रे?"

सलूनवाल्यानं मान वर न करता उत्तर दिलं.

"तुमची भिंत मोजली त्या दिवशी टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं, नाना. रंग दिलात तेव्हाच कळलं, ती जागची हललेली नाही. मी तोंड उघडलं असतं तर त्रेचाळीस सह्या परत गेल्या असत्या. म्हटलं, तुमच्या दीड फुटातलं जमेल तेवढं मीच भरून काढावं."