दहा पॉइंट नऊ
सासऱ्यांच्या गॅरेजात थोरली सून पंधरा वर्षं राबत होती, पण दोन महिन्यांपूर्वी आलेल्या धाकटीचं कौतुक करताना सासऱ्यांची जीभ थकत नव्हती. आज धाकटीने एका गिऱ्हाइकाच्या गाडीला बाहेरच्या कंपनीचा ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे चाकांना ताकद पोचवणारा दांडा, एकटीने बसवला. सोबत बोल्ट आले नव्हते. ते तिने गॅरेजातल्या सुट्या बोल्टच्या खोक्यातून शोधून लावले. जाडी बरोबर, लांबी बरोबर, आटेही जुळले. गाडीखालच्या खड्ड्यात हत्यारं आवरताना थोरलीने मात्र बोल्टच्या डोक्यावरचा ताकदीचा आकडा वाचला: ८.८. या शाफ्टला १०.९ लागतात, हे कमी ताकदीचे, भर रस्त्यात तुटतील. कुणाला न सांगता ती हत्यारं आवरत राहिली. सासरे येऊन तपासतील आणि लाडक्या सुनेचा पचका होईल, एवढंच तिला हवं होतं. सासरे आले ते थेट गाडीत बसले. "धाकटीने बसवलाय ना? मग तपासायचं काय? एक चक्कर मारून येतो." किल्ली फिरली तशी थोरली खड्ड्यातून धावत वर आली. ती गाडीसमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, उतरा. बोल्ट चुकलेत." धाकटीने खड्ड्यात उतरून आकडा पाहिला. "चुकलंच माझं, ताई. मी नुसतं माप बघितलं." थोरली योग्य बोल्ट घेऊन पुन्हा खड्ड्यात उतरली. वरून सासऱ्यांचा आवाज आला, "चूक लगेच कबूल केली, बघा. गुणाची आहे पोर." थोरलीचा चेहरा गाडीखाली होता, ते एक बरं झालं.