दक्षिण ध्रुवावरचं थालीपीठ

चौऱ्याऐंशीचा जुलै. अमेरिकेतल्या आयसेलिनमध्ये घामाच्या धारा लागलेल्या, आणि सुलेखाबाईंची दीपा दक्षिण ध्रुवावरच्या तळावर, सहा महिन्यांच्या रात्रीत. हिवाळ्यात तिथे विमान उतरत नाही. फोन व्हायचा तो एका हॅम रेडिओवाल्याच्या मेहेरबानीने, बोलून झालं की 'ओव्हर' म्हणत.

महिनाभर पोरगी धड जेवत नव्हती. त्यामुळे बाईंनी आधी तेच विचारलं, "जेवलीस का गं? ओव्हर."

"हो! दोन थालीपीठं. थँक यू, आई. ओव्हर."

"मला कसलं थँक यू? तिथे भाजणी कुठली? ओव्हर."

"डोन्ट बी सिली! तूच तर समोर बसून खायला लावलंस. एक शब्द बोलली नाहीस. फर्स्ट टाइम इन युअर लाइफ! ओव्हर."

'मी तर इथेच आहे गं,' बाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण लेकीचा आवाज किती दिवसांनी पोटभर जेवल्यासारखा लागत होता! तो मोडायचं त्यांच्या जिवावर आलं.

"बरं झालं हो. उद्याही जेव. ओव्हर."

"येशील ना? पण पायात काहीतरी घाल, आई. बर्फातून अनवाणी आलीस. ओव्हर."

सुलेखाबाईंनी साडी जराशी उचलून खाली पाहिलं. बोटांच्या बेचक्यांत बर्फ होता, आणि एवढ्या उकाड्यात तो वितळत नव्हता.