अर्धी दाढी

सलूनमध्ये बाबांचा जुना फोन दुपारीच मान टाकायचा आणि नंबर लावायला फोन करणारी गिऱ्हाइकं समोरच्या न्हाव्याकडे वळायची. लेकाने सगळ्यात दणकट फास्ट चार्जर आणला. दोन दाढ्या झाल्या तरी बॅटरी लालच. "फोनच म्हातारा झालाय, बदला." "म्हातारा नाही, त्याला हा चार्जर मानवत नाही." बाबांनी माळ्यावरून फोनचा खोका काढला, भिंगातून चार्जरच्या व्होल्ट-अँपिअरचे बारीक आकडे वाचले आणि तेच आकडे छापलेला लहानसा चार्जर हुडकला. पैज लागली: लेकाची दाढी होईपर्यंत बॅटरी हिरवी झाली नाही, तर फोन भंगारात. आरशाखाली फोन लावून लेक खुर्चीत बसला. "मुद्दाम रेंगाळायचं नाही, बाबा." "हलू नकोस, कापेल." एक गाल जेमतेम उरकला, तोच बॅटरी हिरवी झाली. बाबांनी वस्तरा पुसून ठेवला. "बाबा, अर्धी राहिली." "उरलेली नव्या फोनकडून करून घे."