फिकट आकाशी पाटी

आमचे हे दुकानांच्या पाट्या रंगवतात, दिवसभर उन्हात, शिडीवर. डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळावर चढलेलं मांस डॉक्टरांनी काढलं, तिथे पापणीखालचा पातळ पापुद्रा बसवला आणि बजावलं, “उन्हात काळा गॉगल हवाच, नाहीतर मांस परत वाढेल.” ह्यांनी नंदीबैलासारखी मान डोलावली. पण मी ह्यांना ओळखून आहे. माझी पाठ वळली की गॉगल खिशात. “काळ्या काचेतून रंग कळत नाही गं,” ही रोजचीच कुरकुर. आज मी ह्यांच्या डोळ्यात औषध घालत होते, तेवढ्यात एक दुकानदार पाटी घेऊन तणतणत आला. “गर्द निळी पाटी सांगितली होती, ही तर फिकट आकाशी!” हे ओशाळून पुटपुटले, “मला तर गर्दच दिसत होती.” म्हणजे गॉगल डोळ्यांवरच होता! “भाऊ, नवी रंगवून देतील,” मी म्हणाले, “पण ही फिकट मला द्या, दारावर लावायचीय.”