सुलतानाचा खोकला

दरबारात शिरण्यापूर्वी सुलतानानं रुमालात डाळिंबाचे दाणे चुरडले. सिंहासनावर बसताच तो जीव तोडून खोकला आणि त्यानं लालभडक रुमाल सगळ्यांना दाखवला. अमिरांचे चेहरे खुलले.

कैरोच्या गादीवरून, लहानपणी गुलाम म्हणून विकत आणलेल्या आणि पुढं सरदार झालेल्या सर्केशियन अमिरांचं भांडण मिटेना, तेव्हा हा मरायला टेकलाय म्हणून त्यांनी यालाच तात्पुरतं बसवलं होतं. पण त्याला गादी मानवली. कोकराचा रस्सा ओरपून तो ठणठणीत बरा झाला. हे कळलं तर हेच लोक गळा आवळतील, म्हणून तो खोकत राहिला. अमीर वाट पाहत म्हातारे झाले, एकेक करून गेले. प्रत्येकाच्या जनाज्यामागून सुलतान खोकत चालला.

शेवटी उरला तनिबक, लहानपणी गुलामांच्या बाजारात त्याच्याशेजारी विकायला उभा असलेला सोबती. तोही अखेरच्या घटका मोजत होता. सुलतान त्याच्या उशाशी बसला.

"खोकला कसा आहे, हुजूर?" तनिबकनं विचारलं.

मरता मरता बिचाऱ्याला तेवढाच आनंद, म्हणून सुलतानानं लाल रुमाल काढला. "माझं काही खरं नाही रे. आजचा दिवस निघाला तर निघाला."

तनिबकचे डोळे चमकले. तो उठून बसला आणि त्यानं कोकराचा रस्सा मागवला.