तोफेची बांधाबांध

दुर्बिणीवर प्लास्टिकचे थर होते. त्यांवर चिकटपट्टी, आडवी-उभी. तिने हे बांधलं नव्हतं.

“आई, माझ्या दुर्बिणीला कोणी हात लावला?”

“मीच,” आई पलंगावरून म्हणाली. “भर पावसाळ्यात. म्हटलं, तुझ्या तोफेला ओल लागायला नको. वॉकरला टेकून बांधली गं! मुंगी शिरणार नाही आत.”

“आणि आत मी पुड्या ठेवल्या होत्या त्या?”

“फेकल्या. ‘खाऊ नका’ असं लिहिलेलं काहीतरी घरात कशाला ठेवायचं?”

ओल शोषून घेणाऱ्या पुड्या होत्या त्या. तिने कात्रीने थर कापले. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला. पावसाळ्यातली हवा तेव्हापासून आतच होती.

सकाळी जुन्या सहकाऱ्याचा फोन आला होता. उद्या रात्री डोंगरावर आकाशनिरीक्षण. “माणसं ढीगभर आहेत, दुर्बिणीच नाहीत. तुझी आणणार असशील तर गाडीत बस.” आई मोरीत पडल्यापासून ती एकही रात्र घराबाहेर राहिली नव्हती. शेजारच्या काकू सोबतीला झोपायला तयार झाल्या. आईही हो म्हणाली, दुसऱ्यांदा विचारल्यावर.

तिने झाकण काढून भिंगावर टॉर्च तिरपा धरला. कडेपासून मध्यापर्यंत पांढरे धागे पसरले होते, मुळांसारखे. कापूस ओला करून तिने हलक्या हाताने पुसलं. धागे निघाले. पुन्हा टॉर्च धरला. धाग्यांच्या जागी तेच आकार होते, आता काचेतच.

“निघाली का घाण?”

“बुरशी निघाली. पण काच खाल्लीय तिने.”

“म्हणजे गं?”

“म्हणजे तारे धूसर दिसणार. ही नेऊन उपयोग नाही.”

“मग उद्याचं?”

“नाही जात.”

आईने उशीवर मान टेकली. “जाऊ दे. एवढ्या गारठ्यात कुठे डोंगर चढायचा. आणि बरं झालं मी बांधून ठेवली होती. नाहीतर अख्खी खाल्ली असती.”

तिने टॉर्च बंद केला आणि भिंगावर झाकण लावलं.

आई हळूहळू भिंतीकडे सरकली. पलंगावर लेकीपुरती जागा झाली. आईने पांघरुणाची कड उचलून धरली.

“ये, पड जरा. इथे बघ कशी ऊब आहे.”